१८० अंशांत सरळ

पौष महिना लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या हिवरा आश्रम गावात तेल तापायला लागतं. स्वामी विवेकानंदांची जयंती बाकीचा देश १२ जानेवारीला करतो. आम्ही तिथीने करतो, पौष वद्य सप्तमीला. उत्सवाच्या शेवटी महापंगत असते. तिच्यात पुरी आणि वांग्याची भाजी एवढंच वाढतात, पण ते लाखांच्या घरातली माणसं एकाच वेळी मांडी घालून खातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पंगतींच्या मधून फिरतात आणि स्वयंसेवक त्यांतून वाढत जातात. ज्याने हे पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. ज्याने पाहिलं त्याला पुढे कुठल्याही लग्नात ‘अजून शंभर पानं उठायचीत हो’ म्हणत घाम पुसणाऱ्या केटररची कीव येते.

पुरीचं तेल साधारण १८० अंशांना तापलेलं असावं लागतं. हा आकडा मला आईकडून कळलेला नाही. तिने आयुष्यभरात किती पुऱ्या तळल्या असतील याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असेल, पण तिला आकडा ठाऊक नाही. कणकेची एवढीशी गोळी कढईत टाकायची, ती तळाशी न रेंगाळता वर आली की झालं, असं तिचं शास्त्र. आकडा मला कळला तो लेकीच्या ब्रशवरून.

लेक पुण्याला शिकते. जयंतीला घरी येताना दरवेळी बॅगेतून काहीतरी शहराची बातमी घेऊन येते. या खेपेला केस सरळ करायचा तापणारा ब्रश निघाला. रुंद, चपटं डोकं, दात्यांच्या रांगा, रांगांच्या तळाशी तापणारी पट्टी, आणि पाठीवर छोटासा पडदा. बटण दाबलं की पडद्यावर आकडा चढायला लागतो: ८०, १००, १२०. खोक्यावर एका बाईचा फोटो होता. तिचे केस मुळात सरळच असणार, कारण तिच्या चेहऱ्यावर श्रमाचं चिन्हही नव्हतं. खाली लिहिलं होतं, पाच मिनिटांत सलूनसारखे केस. सलूनमध्ये पाच मिनिटांत कोणाचेही केस होत नाहीत, पण खोक्यावरच्या मजकुराला कोणी कोर्टात खेचत नाही.

पहिल्याच दिवशी त्या पडद्याने घरात हलकल्लोळ केला. बटण जास्त वेळ दाबलं गेलं आणि सेल्सिअसचा आकडा फॅरेनहाइटमध्ये गेला. १८० चे एकदम ३५६ झाले. आई चौथी शिकलेली आहे आणि आकडे तिला चष्म्याशिवाय दिसतात.

“तीनशे छप्पन? बंद कर वं माय ते. घर पेटवतं का सनासुदीचं?”

“आजी, ते फॅरेनहाइट आहे.”

“काहीबी असो. डोकं तं तुहंच आहे नं?”

या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. लेकीने बटण पुन्हा दाबलं, १८० दिसले, आणि मी आगाऊपणाने बोलून गेलो की घाबरू नको, एवढ्या तापमानात तर तू पुऱ्या तळतेस. घरात शांतता पसरली. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ब्रशकडे, मग नातीच्या डोक्याकडे. त्या दिवसापासून आमच्या घरात ब्रशच्या क्रियेला ‘तळणं’ असं नाव पडलं. ‘पोरगी काय करते?’ असं कोणी विचारलं की आई सांगते, “आत आहे, केस तळून राह्यली.”

खरं भांडण तापमानाचं नव्हतंच, तेलाचं होतं. आईच्या मते केस हे तेल लावण्यासाठी दिलेले आहेत. रविवारी न्हाणं, त्याआधी शनिवारी रात्री टाळूवर तेल जिरवणं, मग फणीने बारीक विंचरून घट्ट वेणी. आमच्या इथल्या शाळांच्या मुली अजूनही सकाळी दोन वेण्या वर दुमडून, रिबिनी बांधून जाताना दिसतात. त्या वेण्यांत एक केस इकडचा तिकडे नसतो आणि ते काम तेलाचं असतं. तेल लावलेल्या केसांना सरळ राहायला वीज लागत नाही. ब्रशच्या माहितीपत्रकात मात्र मोठ्या अक्षरात बजावलेलं: केस धुतलेले, कोरडे आणि तेलविरहित हवेत. त्यातला ‘तेलविरहित’ हा शब्द आईला वाचून दाखवायचं धाडस कोणी केलं नाही. ती आपली नात झोपली असताना टाळूला बोटभर तेल लावून गेली, प्रेमाने. सकाळी ब्रश फिरला तेव्हा पहिल्याच बटेतून धूर निघाला, आणि घरभर जो वास पसरला तो धड खोबऱ्याचा नव्हता नि धड केसांचा.

“पाह्य,” आई म्हणाली. “मी म्हनत नव्हती?”

पुरावा तिनेच पेरला होता, निकालही तिनेच दिला.

आता यात विज्ञान काय आहे, ते मी लेकीकडून आणि थोडं वाचून समजून घेतलं. समजून घ्यायला मला वेळ भरपूर होता, कारण माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही राहिलेलं नाही. केस म्हणजे केरॅटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन तऱ्हांनी धरून असतात. एक धरणं पक्कं, गंधकाच्या अणूंचं. ते मोडायला सलूनमधली रसायनं लागतात. दुसरं कच्चं, हायड्रोजनचं. ते पाण्याने सुटतं, उष्णतेनेही सुटतं, आणि केस सुकला किंवा थंड झाला की त्या क्षणी तो ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बांधलं जातं. ब्रशचा सगळा कारभार या दुसऱ्या कच्च्या गाठीवर चालतो. तो केसाला गरम करतो, ताणतो, आणि थंड होईपर्यंत ‘तू सरळ आहेस’ असं पटवतो. केस भोळा असतो, विश्वास ठेवतो. पण हवेत ओल आली की त्याला आपलं मूळ गाव आठवतं आणि तो परत वळतो.

पुरी फुगते ती वाफेने. वरचा पापुद्रा तेलात पडल्या पडल्या घट्ट होतो, आतल्या ओलीची वाफ होते, वाट न मिळाल्याने ती पुरीला टम्म करते. ओलसर केसांवर तापलेली पट्टी फिरवली तर केसाच्या आत अगदी हेच होतं. पाण्याची वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे धरतात. त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे याला ‘बबल हेअर’ असं चक्क नाव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या केसात पोकळ्या दिसतात आणि तो जागोजाग तुटतो. म्हणून ब्रश फिरवताना ‘चर्र’ आवाज आला तर थांबायचं. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा त्या यंत्राकडे जाणकाराच्या नजरेने पाहिलं. पीठ सैल झालं की पुरी तेल पिते, तेल थंड असलं की फुगत नाही, फार तापलं की वरून जळते नि आत कच्ची राहते: हे सगळं ज्ञान तिच्याकडे होतंच. “मंग मोठ्या आचेवर कायले ठेवते?” असं तिने नातीला विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पडद्यावरचा आकडा २३० पर्यंत चढतो म्हणून तो तिथपर्यंत चढवलाच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. २०० च्या पुढे केसाच्या मूळ घडणीलाच धक्का बसायला लागतो. बारीक, मऊ केसांना दीडशेच्या आसपास पुरतं. पण बटण दिलेलं आहे आणि ते दाबायचं नाही, एवढा संयम विवेकानंदांच्या गावातही सगळ्यांकडे असेलच असं नाही.

ओल आली की केस बदलतो, हे काही आजचं ज्ञान नाही. जिनिव्हाच्या होरेस बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्रच जगापुढे मांडलं. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्या लांबण्या-आखडण्याला काटा जोडायचा की झालं. पुढे वेधशाळांतून केसांची ही यंत्रं वर्षानुवर्षं ओल मोजत राहिली. गंमत अशी की सोस्यूरला आधी केसाचं तेल काढावं लागे, त्यासाठी तो केस सोड्याच्या पाण्यात उकळून घेई. हे मी आईला सांगितलेलं नाही. एक फॅरेनहाइट पचवायला तिला चार दिवस लागले होते, एका परदेशी माणसाने केसाचं तेल काढून त्यावर शोध लावला हे ती कधीच पचवणार नाही. पण लेकीचं डोकं म्हणजे एक चालतंबोलतं हवामान खातं आहे, ही गोष्ट माझ्या पक्की लक्षात राहिली. जून महिन्यात कोराडी धरणाच्या बाजूने गार वारा सुटला आणि तिच्या कपाळावरच्या बटा वळायला लागल्या की मी अंगणातली गोवऱ्यांची पोती आत घेतो. अजून फसलो नाही.

जानेवारीत मात्र आमची हवा कोरडी, तेव्हा ब्रश दिवसभर टिकतो. अडचण असते ती ब्रश लावायची. आपल्याकडे घर बांधताना आरसा आणि प्लग यांची पत्रिका जुळवून बघत नाहीत. आरसा लागतो उजेडाच्या भिंतीला आणि प्लग असतो टीव्हीच्या मागे. ब्रशची वायर आरशापर्यंत पोचत नाही, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्डाचं तोंड ढिलं, म्हणून ते धरायला माणूस. पुण्याच्या वसतिगृहात हे सगळं ती एकटी करते म्हणे. घरी आली की त्याच कामाला सगळं कुटुंब लागतं. बोर्ड मी धरतो. आमची ही स्वयंपाकघरातून मिक्सर लावायचा की नाही ते ओरडून विचारते. धाकटा दारात उभा राहून शेताकडची खबर देतो. कारण महिना रब्बीचा. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असतं, आणि कृषिपंप चालू झाले की गावातल्या बल्बांचा रंग बदलतो. दाब पडला की पडद्यावरचा आकडा १४० वर जाऊन बसतो आणि लेक आरशात बघत अर्धं डोकं सरळ, अर्धं कुरळं अशा अवस्थेत ताटकळत राहते. एकदा तशातच दारात पाहुणे आले. त्यांना तिने उजवी बाजू दाखवत पाणी दिलं आणि डावी बाजू भिंतीकडे ठेवून परत गेली. पाहुण्यांपैकी एक आजीबाई जाताना म्हणाल्या, “पोरगी लाजाळू आहे बाई.” आमच्या घरात हे विशेषण तिला त्याआधी किंवा त्यानंतर कोणी लावल्याचं ऐकिवात नाही.

सगळ्यात अवघड मुलूख मात्र डोक्याच्या मागचा. आरशात तो दिसत नाही, हात तिथे उलटा वळतो, आणि जो ब्रश दिसत नाही तो मानेला कधी टेकेल सांगता येत नाही. पूर्वी या बाजूचा प्रश्नच नव्हता. वेणी घालणारी बाई मागेच बसायची. आई हिच्या मागे, ही लेकीच्या मागे, कधी ओळीने तिघी एकमेकींच्या मागे ओसरीवर बसलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि गावातल्या निम्म्या बातम्या त्या रांगेतच पुढून मागे सरकत. ब्रश आला तो ‘आता कोणाची गरज नाही’ म्हणून, आणि पहिल्या आठवड्यातच त्याला माझी गरज पडली. मला तिघींनी एकमताने नेमलं. कारण माझं डोकं या विषयात तटस्थ आहे. ज्याला केस आहेत तो दुसऱ्याच्या केसांबद्दल पूर्वग्रह ठेवतो, मला कसलाही हितसंबंध उरलेला नाही. मी मागे उभा राहून “डावीकडची एक बट राहिली”, “खाली अजून वळलंय” असं सांगतो. ही नेमणूक बिनपगारी आहे, पण तिच्यात अधिकार पुष्कळ. लेक एरवी माझं ऐकत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूबद्दल ऐकते.

आमच्या जिल्ह्यात टकलाला हल्ली सरळ नजरेने कोणी बघत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून बातमी आली की माणसांचे केस मुठीमुठीने गळताहेत आणि काही दिवसांत टक्कल पडतंय. वाहिन्यांनी लगेच त्याला ‘टक्कल व्हायरस’ करून टाकलं. व्हायरस वगैरे काही नव्हता. पाणी तपासलं, आयसीएमआरचं पथक येऊन गेलं, आणि विंचूदंशावरच्या कामासाठी सगळ्यांना माहीत असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. ज्यांचे केस गेले त्यांना मात्र व्हायरसचं नाव फार महागात पडलं. केस बहुतेकांचे परत आले. लोकांनी टाकलेली नजर परत घेतली की नाही ते त्यांनाच विचारावं. केस ही किती सार्वजनिक मालमत्ता आहे ते तेव्हा दिसलं. डोकं एकाचं, आणि त्यावर मत सगळ्या पंचक्रोशीचं.

आम्ही घाटावरचे. शेगाव घाटाखाली, इथून पुष्कळ लांब. पण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना बुलढाणा जिल्हा म्हणजे एकच गाव वाटतं. फोन सुरू झाले. “तुमच्याकडे कसं आहे?” मी म्हणायचो, आमच्याकडे ठीक आहे. मग हळूच पुढचा प्रश्न: “आणि तुमचं?” माझं वीस-बावीस वर्षांपूर्वीच गेलंय, त्याला रेशनचा गहू जबाबदार नाही, आमच्या वडिलांचं घराणं जबाबदार आहे, हे मी किती जणांना समजावलं असेल. एका मावसभावाने तर जयंतीला यायचं रद्द केलं. वर म्हणाला, पुऱ्या गव्हाच्याच असतात ना?

त्याच्या न येण्याने पंगतीत फरक पडला नाही. पंगतीचा आकडा सांगितलाच आहे.

आमच्या गावाला केसांचे नाना प्रकार एकदम बघण्याची एक संधी आली होती, ती मात्र हुकली. ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हिवरा आश्रमाला ठरलं होतं. २०१७ च्या सप्टेंबरात त्यावरून वाद झाला, आश्रमाने यजमानपद परत केलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संमेलन बडोद्याला पार पडलं. वादात कोणाचं किती बरोबर होतं ते राहू द्या. मला रुखरुख लागली ती वेगळीच. एका मांडवात मानेवर रुळणारे कवी, भांग न पाडणारे समीक्षक, रंगवलेले प्रकाशक आणि मागच्या पंधरा वर्षांत एकही केस हललेला नाही असे पदाधिकारी बघायला मिळाले असते. तटस्थ माणसाला याहून मोठी मेजवानी नाही.

सरळ केसांचं हे खूळ तरी कायमचं आहे का? मला तसं वाटत नाही. १८७२ च्या सुमारास पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने तापवलेल्या चिमट्याने बायकांच्या सरळ केसांना लाटा पाडायला सुरुवात केली आणि युरोपभर बायका वळणांसाठी रांगा लावू लागल्या. चिमटा किती तापलाय ते बघायला न्हावी तो कागदावर दाबत. कागद करपला तर थांबायचं. म्हणजे पडद्याआधीही आकडा होता, तोही आईच्या कणकेच्या गोळीच्या जातीचा. त्याच सुमारास पलीकडे अमेरिकेत काळ्या बायकांचे कुरळे केस सरळ करायला तापवलेले लोखंडी कंगवे फिरू लागले, आणि तिथे ते नुसती हौस नव्हते. सरळ केसांच्या बाईला नोकरी लवकर मिळे. इकडे आमच्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याला भिंतीवरच्या राण्यांच्या कपाळावर बारीक कुरळ्या बटा भुरभुरताहेत, दीड हजार वर्षं झाली, आणि त्यांना कोणी अजून ब्रश देऊ केलेला नाही. ज्याच्याकडे जे आहे त्याच्या उलट हवं असतं. मी याला अपवाद आहे. मला दोन्हीपैकी काहीही चालेल.

महापंगतीच्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत वायर जळाल्यासारखा वास होता. लेकीच्या चार मैत्रिणी आल्या होत्या. एक ब्रश, पाच डोकी, मी बोर्ड धरून. आई पुऱ्या लाटायला दोन दिवस आश्रमात जाऊन आली होती, तिचे खांदे भरून आले होते. खाटेवर बसून ती एकेकीचा नंबर लावत होती. “तू लहान आहेस, मांगं व्हय.” “हिचं झालं, दुसरा घाना टाक.” घाणा हा शब्द तिने आपणहून वापरला. चौथ्या मुलीचे केस दाट, त्यांना दुप्पट वेळ लागला, आणि त्या अवधीत पहिलीचे पुन्हा वळायला लागले, कारण ती मधेच तोंड धुऊन आली होती.

मग पाचही जणी पंगतीला निघाल्या. पाठमोऱ्या बघितल्या तर आपली कोणती ते मला ओळखता येईना, आणि मी त्या पाचही पाठी तासभर तपासल्या होत्या. मैदानावर कोरडा वारा, त्यात हजारो पावलांची आणि ट्रॅक्टरांची धूळ. कोरड्या हवेत तापवून सरळ केलेल्या केसांत विजेचा भार साचतो, मग केस एकमेकांना दूर ढकलतात. जिचा केस जितका सरळ, तितका तो हवेत उभा. पंगतीत बसल्यावर पाचही जणींनी डाव्या हाताने केसांची मोळी धरली आणि उजव्या हाताने जेवायला सुरुवात केली. वाढणारा आला की डावा हात ‘बस, बस’ म्हणायला लागतो, तो रिकामा नव्हता. त्यामुळे त्यांच्या पानात भाजी पडत राहिली. वांग्याची भाजी इतकी खाल्लेली मी लेकीला लहानपणापासून पाहिलेली नाही. पलीकडे दोन वेण्यांच्या शाळकरी मुली दोन्ही हात मोकळे ठेवून निवांत जेवत होत्या.

सुट्टी संपली, लेक पुण्याला गेली. ब्रश तिने मागे ठेवला. तिला तिकडे नवा घ्यायचा असावा, तो ती पुढच्या जयंतीला आणेल. आमच्या बिलात त्या महिन्यात काय वाढलं याचा तपास मी केला, कारण आई म्हणाली होती की हे सगळं मीटरवर निघणार. ब्रश साधारण ५० वॅटचा. दहा मिनिटं फिरवला तर शंभराहून अधिक वेळा फिरवल्यावर कुठे एक युनिट होतं. बिल वाढलं होतं ते बोअरच्या मोटरने. तसं सांगितल्यावर आई म्हणाली, मोटर तरी पाणी देते.

मग हळदीकुंकवं सुरू झाली आणि ब्रश गल्लीत फिरायला लागला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तो आमच्या घरी वस्तीला क्वचितच असे. परत येताना दात्यांत वेगवेगळ्या डोक्यांचे केस असत, लांब, आखूड, मेंदीचे तांबूस, आणि एकदा एक पांढरा शुभ्र. तो कोणाचा यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. आईने त्यात भाग घेतला नाही.

शेवटची मागणी गल्लीच्या टोकाच्या घरून आली. मुलीला बघायला येणार होते. ‘बघायला’ असं हल्ली म्हणत नाहीत, ‘सहज घरगुती भेट’ म्हणतात, पण पोहे तेच असतात. मुलीचे केस छान कुरळे, आणि मला विचारलं असतं तर मी तसेच राहू द्या म्हटलं असतं. मला विचारलं ते फक्त मागच्या बाजूबद्दल. सकाळी साडेनऊला मला बोलावणं आलं. मी गेलो, बोर्ड धरला, बट दाखवली, दाब पडल्यावर वाट पाहिली. एवढं सगळं केल्यावर जेवूनच जा म्हणाले, म्हणून पाहुणे आले तेव्हा मी बैठकीतच होतो. मुलगा संभाजीनगरला कंपनीत आहे. उंच, बोलायला गोड, डोक्यावर लोकरीची टोपी. मुलीच्या मामाने दोनदा सुचवलं की आत बसल्यावर थंडी नाही, टोपी काढा आरामात. मुलगा म्हणाला, सर्दी आहे. चहा झाला, पोहे झाले, मुलाच्या आईने मुलीच्या केसांची तारीफ केली, घाम मुलाच्या कानशिलावरून ओघळत होता, आणि टोपी जागची हलली नाही.

पाहुणे उठल्यावर मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “काय वाटते गा तुले?”

मी म्हटलं, मुलगा मला अतिशय आवडला.